मामा तलाव, भंडाऱ्याची पोटनिवडणूक अन् अमेरिकेचा कायदा

पोस्ट मोठी आहे. रोवणीची धावपळ असेल तर आता ठेवून द्या, रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण वाचा.

विषय निघाला तो असा. आपल्याच तालुक्यातली एक मुलगी यंदा एलएलबी झाली. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिने मला विचारलं, "दादा, परदेशात लॉ झालेल्यांसाठी अमेरिकेच्या कायद्याचा उन्हाळी कोर्स असतो म्हणे. करावा का?" फी अन् विमानाचं भाडं मिळून जो आकडा निघाला, तो ऐकून तिच्या वडिलांनी मनातल्या मनात धानाचे एकर मोजले असतील. मी ही गोष्ट पानठेल्यावर बोललो, तर तिथले एक काका लगेच म्हणाले, "अमेरिकेचा कायदा शिकून सानगडीत का उजेड पाडनार हाय पोरगी?"

सगळे हसले, मीही हसलो. पण तलावाच्या पाळीवरून घरी येताना लक्षात आलं की काकांच्या प्रश्नाला उत्तर आहे, अन् ते या पाण्याजवळच आहे. आपल्या भागातले मामा तलाव सरकारजमा कसे झाले, गावच्या विहिरीवर कोणी कोणाला अडवलं तर गुन्हा का होतो, पोलिसांनी धरलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं का करावं लागतं, या तिन्ही गोष्टींच्या मागे अमेरिकेच्या कायद्याचा कोणीतरी केलेला अभ्यास आहे. कुठे तो अभ्यास अर्धं आयुष्य चालला, कुठे काही आठवड्यांतच उरकला. तोच हिशोब आज मांडतो.

आधी त्या कोर्सचं सांगून टाकतो, म्हणजे तो प्रश्न मोकळा होईल.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा असा एक उन्हाळी वर्ग १९६३ पासून चालत आलाय. गंमत म्हणजे तो अमेरिकेत भरत नाही. हॉलंडमधल्या लायडन अन् ॲमस्टरडॅम या दोन विद्यापीठांच्या साथीने तिकडेच भरतो. जुलै महिना, म्हणजे आपल्याकडे रोवणी अन् तिकडे उन्हाळ्याची सुट्टी. प्राध्यापक मोकळे, वर्ग रिकामे, नोकरदार वकिलांना रजा मिळते, म्हणून उन्हाळा. टेक्सासमधल्या डॅलस इथे १९६४ पासून परदेशी वकिलांसाठी अशीच एक अकादमी सुरू झाली. त्या काळात अमेरिकन कंपन्या, बँका अन् त्यांचे करारनामे जगभर पसरत होते. करारात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की वाद झाला तर न्यूयॉर्कचा कायदा लागू. मग समोरच्या पार्टीच्या वकिलाला तो कायदा कळायला नको का?

शिकवतात काय? संविधान, करार, नुकसानभरपाई, दिवाणी कोर्टाची पद्धत, असे मूळ विषय. आणि शिकवण्याची रीत वेगळी. हार्वर्डचे लँगडेल नावाचे डीन होते, त्यांनी १८७० नंतर ही रीत रुजवली. कलमं पाठ करायची नाहीत, जुन्या खटल्यांचे निकाल वाचायचे अन् प्राध्यापक उभं करून प्रश्नांवर प्रश्न विचारतो. जर्मनी, फ्रान्समधल्या मुलांना हे जड जातं, कारण त्यांच्याकडे सगळं संहितेत लिहिलेलं असतं. आपल्या मुलांना तेवढं जड जाऊ नये. निकालांवर चालणारी इंग्रजी पद्धत आपल्याकडेही आहे. आपल्या मुलांचा गोंधळ होतो तो दुसरीकडे. आपला करार कायदा १८७२ चा, सगळ्या देशाला एकच. फौजदारी कायदाही एकच, आधी भारतीय दंड संहिता अन् १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता. अमेरिकेत पन्नास राज्यं अन् पन्नास फौजदारी कायदे. एका राज्यात फाशी आहे, शेजारच्या राज्यात नाही. वकिलीची सनदसुद्धा राज्यागणिक वेगळी.

म्हणून त्या मुलीला मी सरळ सांगितलं ते इथेही लिहितो, कारण असं विचारणारी ती एकटी नसेल. चार आठवड्यांच्या प्रमाणपत्राने कोणी अमेरिकेत वकील होत नाही. अन् इथे भंडाऱ्याच्या कोर्टात त्याने पक्षकारही वाढत नाहीत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी आहे, ओबीसींसाठी वेगळी योजना आहे. पण त्या पदव्युत्तर पदवी अन् पीएचडीसाठी आहेत, महिन्याभराच्या वर्गासाठी नाहीत. तेव्हा जायचंच असेल तर पूर्ण एलएलएमचा विचार कर, जमीन विकून सर्टिफिकेट आणू नको. एजंटांच्या जाहिरातींमध्ये या दोन गोष्टी मुद्दाम एकत्र कालवलेल्या असतात. जपून राहा.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

कोलंबिया हे नाव आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. १४ एप्रिलच्या प्रत्येक बॅनरवर ते असतं. जुलै १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा त्यांचं वय बावीस. पण बॅनर लिहिणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. बाबासाहेबांनी कोलंबियात कायद्याची पदवी घेतली नाही. ते तिथे अर्थशास्त्र शिकले, सोबत इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान. सेलिग्मन हे अर्थशास्त्राचे गुरू, जॉन ड्युई तत्त्वज्ञानाचे. बॅरिस्टरी झाली ती लंडनच्या ग्रेज इनमध्ये. कोलंबियाने त्यांना कायद्याची डॉक्टरेट दिली ती सन्मानाची होती, अन् ती मिळाली ५ जून १९५२ ला, संविधान लागू झाल्यावर.

मग अमेरिकेचा कायदा त्यांनी शिकला कधी? कोणी शिकवला?

माझं मत असं की तो त्यांनी स्वतःच वाचून काढला, अन् वाचताना समोर प्रश्न होता तो इकडचा होता. याचा पुरावा एका छोट्या पुस्तकात आहे. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेला द्यायचं निवेदन म्हणून त्यांनी ते लिहिलं, छापलं गेलं १९४७ मध्ये. निवेदन म्हणतात, पण ते जवळजवळ संविधानाचा मसुदाच आहे, कलमांसकट. अन् कलमांच्या मागे टिपा आहेत, कुठलं वाक्य कुठून घेतलं त्याच्या. त्या टिपा फार कमी लोक वाचतात. त्यात बाबासाहेबांनी साफ लिहून ठेवलंय की भेदभावाविरुद्धची तरतूद अमेरिकेने निग्रो लोकांच्या संरक्षणासाठी केलेल्या १८६६ अन् १ मार्च १८७५ च्या कायद्यांवरून घेतली आहे.

हे १८७५ चं प्रकरण जरा थांबून बघण्यासारखं आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. १८६८ मध्ये त्यांच्या संविधानात चौदावी दुरुस्ती आली: कोणतंही राज्य कोणाही माणसाला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. आपल्या कलम १४ मधले शब्द तिथूनच आलेत. पण कागदावर समानता आली तरी काळ्या माणसाला खानावळीत, आगगाडीत, नाटकगृहात कोण शिरू देतो? म्हणून १८७५ चा कायदा. खानावळी, जमिनीवरची अन् पाण्यावरची सार्वजनिक वाहनं, नाटकगृहं अन् करमणुकीच्या जागा सगळ्यांना खुल्या, अडवलं तर दंड. मूळ विधेयकात शाळाही होत्या, पास होता होता त्या गळाल्या.

आता बाबासाहेबांचा १९४७ चा मसुदा त्याच्या शेजारी ठेवा. वाक्याची बांधणी अमेरिकेचीच. पण यादीत शाळा परत आल्या. रस्ते आले, पायवाटा आल्या. तलाव आले, विहिरी आल्या, पाणी भरायच्या इतर जागा आल्या.

अमेरिकेत काळ्या माणसाला गाडीच्या डब्यातून उतरवत होते, इकडे आमच्या माणसाला पाण्यावरून हुसकावत होते. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे घडलं, ते करणाऱ्याच्याच हातात आता लेखणी होती. परदेशी कायद्याच्या वाक्यात त्याने आपल्या गावचं पाणी टाकलं. कोणी म्हणेल, यादीत चार शब्द वाढवले, त्यात काय मोठं? ज्यांच्या आज्यांनी विहिरीपासून दूर उभं राहून दुसऱ्याने वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलंय, त्यांना विचारा.

अन् खरी गोष्ट तर पुढे आहे. अमेरिकेचा तो १८७५ चा कायदा टिकला नाही. १८८३ मध्ये त्यांच्याच सुप्रीम कोर्टाने तो मोडीत काढला. आठ न्यायाधीश एका बाजूला, हार्लन नावाचा एकटा दुसऱ्या बाजूला. कोर्ट म्हणालं, चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी माणसाला नाही. हॉटेलवाला त्याच्या हॉटेलात कोणाला घेत नसेल तर तो त्याचा मामला. झालं. त्यानंतर थेट २ जुलै १९६४ ला नागरी हक्कांचा नवा कायदा आला, तेव्हा देशभरची हॉटेलं अन् खानावळी काळ्या माणसाला कायद्याने उघडल्या. मधली एक्याऐंशी वर्षं गेली! म्हणजे १९६३ च्या जुलैत युरोपच्या मुलांना अमेरिकेच्या कायद्याचा पहिला उन्हाळी वर्ग भरत होता, त्या वेळी खुद्द अमेरिकेच्या दक्षिणेत एखाद्या काळ्या वकिलाला हॉटेलात खोली नाकारली, तर देशाचा कायदा त्याच्या मदतीला येत नव्हता.

आपल्या संविधानाने ही फट ठेवली नाही. कलम १५ चा पहिला भाग सरकारला बांधतो. दुसरा भाग दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, अन् सरकारी पैशाने राखलेल्या किंवा लोकांसाठी दिलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांबद्दल बोलतो. तिथे अडवणारा सरकारी असो की खाजगी, त्याला अडवता येत नाही. वर कलम १७, अस्पृश्यता बंद अन् ती पाळणं हा गुन्हा. तेही सरकार, सावकार, पुजारी, हॉटेलवाला सगळ्यांना लागू. १९५५ मध्ये त्याचा शिक्षेचा कायदा आला. ही कलमं एकट्या बाबासाहेबांनी केली असं मी म्हणणार नाही, संविधान सभेत अनेकांचे हात लागले. पण जे अमेरिकेचं १८८३ ला मोडलं, ते आपलं मोडू नये अशी बांधणी झाली, हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की दिसतं. दुसऱ्याचा कायदा वाचायचा तर त्याचं कुठे फसलं तेही वाचायचं, अन् ते वाचलं गेलं होतं.

व्हॉट्सॲपवर दर २६ जानेवारीला एक मेसेज फिरतो की आपलं संविधान म्हणजे दहा देशांची कॉपी. त्याचं उत्तर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ लाच सभेत देऊन ठेवलंय. उसनं घेण्यात लाज कसली, संविधानाच्या मूळ कल्पनांचं पेटंट कोणाकडे नसतं, अशा अर्थाचं ते बोलले. त्याच भाषणात अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आपण का घेत नाही हेही सविस्तर सांगितलं. घेतलं काय ते सगळ्यांना माहीत असतं. काय पाहून सोडून दिलं, त्याचा मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता सोडून दिलेल्या एका गोष्टीकडे या. हिचा संबंध थेट आपल्या तलावांशी आहे.

संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार होते बेनेगल नरसिंग राव. आयसीएस अधिकारी, कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश राहिलेले, निगर्वी, प्रचंड वाचन असलेले गृहस्थ. १९४७ च्या शेवटी ते अमेरिका, कॅनडा अन् आयर्लंडच्या दौऱ्यावर गेले. परदेशी कायदेपंडिताने काही आठवड्यांत केलेला अमेरिकन कायद्याचा अभ्यास म्हणजे हाच. ऋतू तेवढा उन्हाळ्याचा नव्हता. तिथे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर त्यांना भेटले. हे फ्रँकफर्टर स्वतः व्हिएन्नात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले, हार्वर्डला अनेक वर्षं शिकवलेले.

त्या वेळी आपल्या मसुद्यात अमेरिकेचे चार शब्द होते: 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ'. कोणाचंही जीवित अन् स्वातंत्र्य 'कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय' हिरावून घेता येणार नाही. यातला 'योग्य' हा शब्द सगळा खेळ करतो. योग्य की अयोग्य हे ठरवणार कोण? तर न्यायाधीश. फ्रँकफर्टर रावांना म्हणाले, हे करू नका. निवडून आलेल्या सभेने केलेले कायदे मूठभर न्यायाधीशांनी उडवायचे हे लोकशाहीला धरून नाही, अन् कोर्टावरही भलतं ओझं येतं.

त्यांचा अनुभव खोटा नव्हता. १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेकरीतल्या मजुरांचा खटला झाला. राज्याने कायदा केला होता की भट्टीवरच्या मजुराकडून दिवसाला दहा तास अन् आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. सुप्रीम कोर्टाने याच चार शब्दांचा आधार घेऊन तो उडवला, मालक-मजुराच्या करारस्वातंत्र्यात ढवळाढवळ होते म्हणून. पुढे बत्तीस वर्षं कामगारांचे कायदे असेच पडत राहिले.

राव परत आले अन् मसुदा समितीने ते शब्द काढले. जागी आलं 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती'. हे शब्द जपानच्या नव्या संविधानातले. अन् त्या समितीचे अध्यक्ष कोण होते? बाबासाहेबच. गंमत म्हणा की पेच म्हणा, ज्यांनी १९४७ च्या आपल्या निवेदनात 'ड्यू प्रोसेस' लिहिलं होतं तेच. सभेत डिसेंबर १९४८ मध्ये यावर मोठी चर्चा झाली. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली की ते अमेरिकन शब्द परत घाला, नाहीतर कोर्टाला फक्त कागद पुरे आहेत का एवढंच पाहायचं काम उरेल. हे नाव आज विदर्भात कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. बाबासाहेब १३ डिसेंबरला उठले अन् दोन्ही बाजू मांडून म्हणाले, दोन्हीकडे धोका आहे, सभेनेच ठरवावं. इतक्या ठाम माणसाने ठाम बोलायचं टाळलेला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सभेने शब्द परत घेतले नाहीत.

का घेतले नाहीत? एक कारण जमीन. जमीनदारी तोडायची होती, अन् 'योग्य प्रक्रिया' मालमत्तेला लागू झाली असती तर प्रत्येक जमीनदार कोर्टात जाऊन बसला असता.

आपल्या भंडारा जिल्ह्यात जमीनदार म्हणजे मालगुजार. गाव त्याचं, तलाव त्याचा, पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल ते त्याच्या शब्दावर. आपण तेव्हा जुन्या मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर. विधानसभेने १९५० मध्ये मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला अन् ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी सरकारजमा झाली. मालकांच्या स्वतःच्या जमिनीतले काही अपवाद सोडले तर तलावही सरकारकडे आले. तेव्हापासून ते 'माजी मालगुजारी तलाव', तोंडी भाषेत मामा तलाव. नवीन पोरांना वाटतं कोणाच्या मामाचे आहेत!

कायदा झाल्यावर मालक लोक गप्प बसले नाहीत. बिहारच्या तशाच कायद्याला पाटणा हायकोर्टाने मार्च १९५१ मध्ये रद्द केलं. कशाच्या जोरावर? कलम १४, समान संरक्षण. म्हणजे एक अमेरिकन वाक्य दाराबाहेर ठेवलं तर दुसरं खिडकीतून आलं. नागपूर हायकोर्टाने मात्र आपला कायदा उचलून धरला. दिल्लीने लगेच जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती केली, नववी अनुसूची आणली अन् त्यात मध्यप्रदेशचा हा कायदाही घातला. तरी अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव सुप्रीम कोर्टात गेले. १९५२ मध्ये तिथेही कायदा टिकला. भंडाऱ्याच्या तलावांच्या मालकीचा निकाल लागला तो असा. सरकारने पुढे त्या तलावांचं काय केलं, किती गाळ साचू दिला, किती अतिक्रमणं झाली, त्यावर मी अनेकदा लिहिलंय. आज नको.

पण ज्या शब्दाच्या बदल्यात तलाव मिळाले, त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. १९५० मध्येच गोपालन खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, कायदा आहे ना, त्यातली पद्धत पाळली ना, मग माणसाला तुरुंगात ठेवणं न्याय्य आहे की नाही हे आम्ही बघणार नाही. करीमुद्दीन साहेबांनी दीड वर्षं आधी सांगितलं होतं तेच झालं. आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ ला तर चार विरुद्ध एक अशा मतांनी निकाल आला की अटकेविरुद्ध कोर्टात दादच मागता येणार नाही. त्या चार जणांत आपले मराठी न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. मग २५ जानेवारी १९७८ ला मनेका गांधी खटल्यात कोर्टाने फिरवलं: पद्धत नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती वाजवी अन् न्याय्य हवी. म्हणजे रावांनी दरवाजाबाहेर ठेवलेला शब्द तीस वर्षांनी कोर्टाने आत घेतला, नाव न घेता. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगात खटल्याविना वर्षानुवर्षं पडलेल्या कैद्यांचं प्रकरण आलं अन् लवकर खटला चालणं हा हक्क ठरला.

अन् २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मान्य केला, तेव्हा १९७६ चा तो निकाल चूक होता हे मुख्य निकालपत्रात लिहिणारे होते धनंजय चंद्रचूड, त्याच यशवंतरावांचे चिरंजीव. दिल्लीत एलएलबी झाल्यावर हे हार्वर्डला गेले, १९८३ मध्ये एलएलएम, १९८६ मध्ये डॉक्टरेट. त्या निकालपत्रात अमेरिकन खटल्यांची लांबलचक चर्चा आहे. तिकडे शिकले म्हणूनच असं लिहिलं, असा सरळ हिशोब मी मांडत नाही. न्यायमूर्ती खन्ना १९७६ मध्ये एकटे विरोधात उभे राहिले, त्यांना त्यासाठी हार्वर्ड लागलं नव्हतं.

चोवीस तासांचा मुद्दा राहिला. 'ड्यू प्रोसेस' गेल्याची रुखरुख बाबासाहेबांना होती. १५ सप्टेंबर १९४९ ला त्यांनी नवं कलम आणलं अन् सांगितलं की मागे जे गेलं त्याची ही भरपाई. ते आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्या. मी वीसेक वर्षं ठाण्याच्या बातम्या करतोय. रात्री कोणाचा तरी बाप फोन करतो, "भाऊ, पोराला उचललं, का करू?" तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, "किती वाजता उचललं?" त्या प्रश्नामागे हे कलम असतं. प्रतिबंधात्मक अटक त्याच कलमात ठेवली, हे त्याचं व्यंगही आहे. तेही सांगायला हवं.

अन् या माणसाला आपल्या जिल्ह्याने १९५४ मध्ये हरवलं. तेव्हा भंडारा लोकसभा दोन जागांची होती, एक सर्वसाधारण, एक राखीव. एप्रिल-मेच्या उन्हात पोटनिवडणूक झाली. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांच्या आसपास मतांनी हरले. प्रत्येक मतदाराला दोन मतं होती. जुने लोक सांगतात, कार्यकर्ते म्हणत होते की आपल्या लोकांना दुसरं मत वाया घालवायला सांगू, मग तुमची जागा नक्की. बाबासाहेबांनी नकार दिला, म्हणाले हरलो तरी चालेल पण मत वाया घालवायला मी सांगणार नाही. दोनच वर्षांपूर्वी कोलंबियाने त्यांना संविधानकार म्हणून गौरवलं होतं. त्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या पदवीदानाला उभे राहिलेले ते, अन् पुढे भंडाऱ्याच्या धुळीत मतं मागणारेही तेच.

एक विनंती. १९५४ च्या त्या निवडणुकीत मतदान केलेलं किंवा सभा ऐकलेलं कोणी तुमच्या घरात, मोहल्ल्यात असेल तर कळवा. आता नव्वदीच्या आसपासचेच उरलेत, मी येऊन बोलणं लिहून घेतो. अन् सानगडी, साकोली, लाखनी, लाखांदूर भागात कोणाकडे तलावाचे मालगुजारीच्या वेळचे कागद असतील, पाणीवाटपाचे, निस्ताराचे, कुठलेही, तर फेकू नका. मोबाईलवर फोटो काढून मला पाठवा.